श्रीलंकेत रेल्वेने फिरताना : वाचकांचे प्रश्न

ठाण्याच्या माणसाला बेटावरची रेल्वे नवी नाही. जुने ठाणे साष्टी बेटाच्या पूर्व काठावर वसलेले आहे आणि 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी मुंबई बेट ओलांडून साष्टीवर आली, ती इथेच येऊन थांबली. तेव्हाच्या सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, त्यानंतर अकरा वर्षांनी, 1864 साली, कोलंबोहून अंबेपुस्सापर्यंत गाडी धावली. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे त्याच बेटावरच्या रेल्वेविषयी होती, त्यामुळे या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. मी तिथे दोनदा जाऊन आलो, एकदा सगळी आरक्षणे हातात घेऊन आणि एकदा जवळजवळ एकही आरक्षण नसताना. पुढील उत्तरांत या दोन्ही अनुभवांचा आधार आहे.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी साठी ओलांडलेले आहोत. जानेवारीत आठ दिवस श्रीलंकेला जाण्याचा विचार आहे. भाड्याच्या मोटारीत तासन्‌तास बसणे नको वाटते, म्हणून संपूर्ण बेटाला रेल्वेनेच फेरी मारावी असे मनात आहे. पत्नीला गुडघ्याचा त्रास आहे. हे जमेल का? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : फेरी जमणार नाही, आणि त्याचे कारण आपले वय किंवा गुडघे हे नसून रेल्वेचा नकाशा हे आहे. बेटाला प्रदक्षिणा घालणारा मार्गच तिथे नाही. कोलंबो हा तळहात मानला तर बाकीचे मार्ग म्हणजे त्याला फुटलेली बोटे आहेत. एक बोट किनाऱ्याकिनाऱ्याने गॉल, मातारा करीत बेलिअत्तापर्यंत जाते. एक डोंगर चढून कँडी आणि चहाच्या मळ्यांतून बदुल्लाला संपते. एक अनुराधपुरावरून जाफना आणि कांकेसनतुरैला पोहोचते. पूर्वेकडची दोन त्रिंकोमाली आणि बट्टिकलोआला जातात. या बोटांची टोके एकमेकांना कुठेही भेटत नाहीत. खोपोलीहून कसाऱ्याला जायचे तर आपल्याला कल्याणपर्यंत मागे यावे लागते, तसेच बदुल्लाहून गॉलला रेल्वेने जायचे झाल्यास सगळा डोंगर उतरून पुन्हा कोलंबो गाठावे लागते, आणि त्यात एक पूर्ण दिवस वाया जातो. सिगिरियाचा किल्ला, दांबुल्लाची लेणी, यालाचे अभयारण्य यांच्या दारात तर रेल्वे जातच नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, आठ दिवसांत दोनच बोटे धरावीत, डोंगराचे आणि किनाऱ्याचे, आणि त्यांना जोडणारा एक टप्पा मोटारीने करावा. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला कटुनायके येथे आहे. पहिली रात्र जवळच्या नेगोंबोत काढून दुसऱ्या सकाळी कोलंबो फोर्ट स्थानकावरून कँडीची गाडी धरावी. हे अंतर सुमारे 120 किलोमीटरचे आहे आणि त्याला तीन तासांच्या आसपास लागतात. रंबुक्कनापर्यंत भातशेती आणि नारळ दिसतात, आपल्याला कोकणात आल्यासारखे वाटते. त्यानंतर कडुगन्नावाचा घाट लागतो आणि गाडी दमाने चढू लागते. बोरघाट चढणाऱ्या गाडीत लहानपणी खिडकीला नाक लावून बसलेल्या माणसाला इथे घरच्यासारखे वाटेल, इतकेच की सह्याद्रीचे काळे कडे इथे नाहीत, डोंगर माथ्यापर्यंत हिरवा आहे. हा मार्ग 1867 मध्ये कँडीपर्यंत नेला तो प्रवाशांसाठी कमी आणि कॉफीच्या पोत्यांसाठी अधिक. पुढे 1869 पासून कॉफीवर तांबेरा पडला, मळेच्या मळे उजाड झाले, त्या जमिनीवर चहा आला, आणि चहाच्या मागोमाग रूळ डोंगरात सरकत गेले. ते बदुल्लाला पोहोचायला 1924 साल उजाडले.

कँडीत दोन रात्री राहून पुढे नानुओयापर्यंत जावे; हा साधारण चार तासांचा प्रवास आहे. नानुओया हे नुवारा एलियाचे स्थानक असून तिथून गाव आठ-नऊ किलोमीटरवर आहे, रिक्षा सहज मिळते. तिथे दोन रात्री घालवून एल्ला किंवा हापुतलेला जावे, हा टप्पा तीन तासांच्या आतबाहेरचा आहे. कँडी ते एल्ला हा प्रवास एका दमात करण्याची पद्धत पडली आहे. त्याला साडेसहा-सात तास लागतात, आणि माझ्या मते पाचव्या तासानंतर जगातला सुंदरातला सुंदर मळासुद्धा डोळ्यांत शिरत नाही. तुकडे केले तर गुडघे आणि डोळे दोन्ही ताजे राहतात. एल्लाहून गॉलपर्यंत मोटार करावी आणि परतीच्या दिवशी गॉलहून कोलंबोपर्यंत किनाऱ्याच्या गाडीने यावे. या गाडीत समुद्र पश्चिमेला असतो, त्यामुळे कोलंबोकडे येताना डाव्या हाताची खिडकी धरावी. काही ठिकाणी रूळ लाटांच्या इतके जवळ आहेत की पावसाळी समुद्राचे तुषार डब्यात येतात. हिक्कडुवाच्या पुढे पेरालिया लागते. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत याच ठिकाणी एक संपूर्ण गाडी लाटेखाली गेली आणि हजाराहून अधिक माणसे दगावली. रेल्वेच्या इतिहासातील ही सर्वांत भीषण दुर्घटना मानली जाते. तिथे स्मारक आहे.

आपल्या पत्नीसाठी दोन गोष्टी सांगतो. डब्याच्या पायऱ्या उंच आहेत आणि डोंगरातील लहान स्थानकांचे फलाट बुटके आहेत, तेव्हा हाताशी एकच छोटी पिशवी ठेवावी आणि मोठ्या बॅगा शक्य तिथे मोटारीने पुढे पाठवाव्यात. निवासाच्या ठिकाणी सांगितले तर ते बहुधा व्यवस्था करून देतात. दुसरे म्हणजे पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्याचा मोह धरू नये, कारण त्याच्या काचा उघडत नाहीत. दुसऱ्या वर्गाच्या आरक्षित डब्यात पंखे असतात, जागा हक्काची असते आणि खिडकी पूर्ण उघडते. नुवारा एलियाच्या थंडीसाठी मात्र एक जाड स्वेटर घ्यावा. जानेवारीत तिथे पहाटे माथेरानपेक्षा बरीच अधिक थंडी असते.

प्रश्न : कँडी ते एल्ला गाडीचे आरक्षण उघडले त्या दिवशी मी संगणकासमोर बसून होतो, तरी काही मिनिटांत सगळ्या जागा संपल्या. आता एक एजंट मूळ भाड्याच्या अनेक पटींनी तिकीट देऊ म्हणतो. घ्यावे का? की सहल पुढे ढकलावी? (ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर : दोन्ही करू नये. आरक्षण प्रवासाच्या 30 दिवस आधी उघडते आणि या मार्गावर ते पाहता पाहता संपते, हे खरेच आहे; आपल्याकडे गणपतीच्या कोकण गाड्यांचे जे होते तेच तिथे वर्षभर होते. परंतु आरक्षण करताना पासपोर्टचा क्रमांक द्यावा लागतो. एजंटच्या तिकिटावर कोणाचा क्रमांक आहे हे पाहिल्याशिवाय पैसे देणे म्हणजे दुसऱ्याच्या नावाने प्रवास करण्याचा धोका पत्करणे होय. त्यातून तो कोणत्या वर्गाचे तिकीट देतो आहे हेही लेखी घ्यायला हवे, नाहीतर उघड्या खिडकीची स्वप्ने पाहत आपण बंद काचेच्या डब्यात जाऊन बसाल.

माझ्या दुसऱ्या प्रवासात माझ्याकडेही आरक्षण नव्हते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाचे अनारक्षित डबे बहुतेक गाड्यांना असतात, त्यांचे तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळते आणि भाडे काहीशे श्रीलंकन रुपयांपलीकडे जात नाही (आपल्या एका रुपयाला तिथले तीन-साडेतीन रुपये येतात). मला खिडकीवर पुठ्ठ्याचे जुने, बोटभर तिकीट मिळाले, आपल्याकडे पूर्वी मिळायचे अगदी तसे, कडेला छिद्र पाडलेले. कँडीत गर्दी फार असते. त्यामुळे मी दोन युक्त्या केल्या. पहिली अशी की, उलट दिशेने निघालो. बहुतेक पर्यटक कँडीहून एल्लाकडे जातात. मी एल्लाहून सकाळी निघून हापुतलेला उतरलो, दोन दिवसांनी पुढे नानुओया, मग कँडी. एकदाही उभे राहावे लागले नाही. दुसरी अशी की, पूर्ण मार्गाचा हट्ट सोडला. हापुतले ते पट्टीपोला हा तुकडा माझ्या मते या संपूर्ण मार्गाचे सार आहे. इदलगशिन्ना स्थानकावर डोंगराची धार इतकी अरुंद होते की दोन्ही बाजूंना दऱ्या दिसतात. पुढे ओहिया आणि पट्टीपोला यांच्या मधल्या बोगद्याशी मार्गाचा माथा येतो आणि बोगद्यापलीकडे हवाच बदलते. या बाजूला ऊन असले तर त्या बाजूला धुके. पट्टीपोला हे देशातील सर्वांत उंचावरचे स्थानक, समुद्रसपाटीपासून सुमारे 6,200 फूट, म्हणजे महाबळेश्वरच्याही दीड हजार फुटांहून अधिक वर.

अनारक्षित डब्यात बसल्याचा आणखी एक लाभ झाला तो सांगण्याचा मोह आवरत नाही. डोंगरातला मार्ग एकेरी आहे आणि समोरून गाडी येऊ नये म्हणून तिथे अजून टोकनची पद्धत चालते. मी पहिल्याच डब्यात होतो. एका लहान स्थानकावर गाडी न थांबता, केवळ वेग कमी करून पुढे निघाली. स्टेशनमास्तर फलाटाच्या कडेला हात उंच करून उभा होता, त्याच्या हातात तारेचे टेनिसच्या रॅकेटसारखे मोठे कडे आणि त्याला बांधलेली चामड्याची पिशवी होती. इंजिनातल्या सहायकाने वाकून आपल्याजवळचे कडे फलाटावर टाकले आणि त्याच क्षणी मास्तरच्या हातातले नवे कडे आपल्या दंडात अडकवून घेतले. त्या पिशवीतला धातूचा बिल्ला जवळ असल्याशिवाय गाडीला पुढच्या तुकड्यात जाता येत नाही. मास्तरने पडलेले कडे उचलले, झटकले आणि चहा प्यायला आत गेला.

एक सूचना मात्र गंभीरपणे घ्यावी. नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस दित्वा चक्रीवादळाने श्रीलंकेत मोठी हानी केली, दरडी कोसळल्या आणि डोंगरातील रेल्वेमार्ग अनेक ठिकाणी उखडला गेला. विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी कोणत्या स्थानकांच्या दरम्यान गाड्या चालू आहेत हे श्रीलंका रेल्वेच्या संकेतस्थळावर पाहावे, निवासाच्या ठिकाणी फोन करून खात्री करावी, आणि जो तुकडा बंद असेल तो बसने करण्याची मनाची तयारी ठेवावी.

प्रश्न : नऊ कमानींच्या पुलावरून गाडीत बसून जाताना फोटो काढायचा आहे. कोणत्या बाजूला बसावे? दारात उभे राहिले तर चालते का? (वाशी, नवी मुंबई)

उत्तर : गाडीत बसून तो पूल दिसत नाही, कारण आपण त्याच्यावरच असतो. त्याहून मोठी गफलत अशी की, हा पूल एल्ला आणि देमोदरा या स्थानकांच्या मध्ये, म्हणजे कँडीकडून येताना एल्लाच्या पुढे आहे. एल्लाला उतरणारे प्रवासी त्यावरून जातच नाहीत आणि घरी आल्यावर गेलो होतो असे सांगतात. पूल पाहायचा असेल तर एल्लाहून पायी जावे. 1921 मध्ये पूर्ण झालेला हा दगड-विटांचा पूल सुमारे 80 फूट उंच आहे आणि दाट झाडीत एका वळणावर उभा आहे. दिवसभरात मोजक्याच गाड्या जातात, त्यांच्या वेळा एल्ला स्थानकावर विचारून घ्याव्यात आणि अर्धा तास आधी पोहोचावे.

पुलावरून जाण्याची हौस असेल तर एल्लाहून बदुल्लाचे तिकीट काढावे, कारण देमोदराच्या पुढे आणखी एक नवल आहे. तिथे उतार इतका तीव्र होता की रूळ सरळ खाली नेणे शक्य नव्हते, म्हणून गाडी स्थानकातून निघून डोंगराला संपूर्ण वेढा घालते आणि बोगद्यातून त्याच स्थानकाच्या पोटाखालून बाहेर पडते. एका मुकादमाने डोक्याचे पागोटे सोडून पुन्हा गुंडाळले ते पाहून इंजिनियरला ही कल्पना सुचली अशी गोष्ट तिथे सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, आकृती मात्र अगदी पागोट्याच्या वेढ्याची आहे.

दाराविषयी स्पष्टच लिहितो. लोकलच्या दारात उभे राहण्याची सवय असल्यामुळे आपल्याला त्यात काही वाटत नाही, आणि नेमकी हीच सवय तिथे घातक ठरते. कोलंबो ते बदुल्ला मार्गावर चाळीसहून अधिक बोगदे आहेत, झाडी आणि कातळ डब्याला घासून जातात, आणि बाहेर झुकून फोटो काढताना पर्यटकांचे जीव गेले आहेत. जून 2025 मध्ये मुंब्र्याच्या वळणावर लोकलच्या दारातले प्रवासी पडून दगावले ते आपण ठाणेकर-नवी मुंबईकर विसरलेलो नाही. बसल्या जागेवरून, वळणावर गाडीचे पुढचे डबे दिसतात तेव्हा, फोटो उत्तम येतो.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. गाडीत काय खावे? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : गाडीत वडेवाले चढतात आणि ‘वडे, वडे’ अशी त्यांची हाक ऐकून कर्जतला आल्याचा भास होतो, पण हात पुढे करण्याआधी टोपलीत पाहावे. त्यात जो चपटा, खरपूस डाळवडा असतो त्यावर अख्खी कोळंबी बसवलेली असते. त्याला ‘इस्सो वडे’ म्हणतात. त्याच टोपलीत बिनकोळंबीचे वडेही असतात, परंतु ते त्याच तेलातले असतात, हे ज्याचे त्याने ठरवावे. उकडलेले शेंगदाणे, तिखट-मीठ लावलेली कैरी आणि अननस निर्धास्त घ्यावेत. जेवणात खरी अडचण ‘उंबलकड’ या वाळवलेल्या माशाच्या चुऱ्याची आहे, कारण तो खोबऱ्याच्या चटणीत आणि कधी कधी भाजीतही घालतात आणि तो घातल्यावरही पदार्थ ‘भाजीच’ असल्याचे वाढणारा प्रामाणिकपणे सांगतो. तेव्हा ‘मासे नको’ एवढे न म्हणता उंबलकडचे नाव घेऊन विचारावे. तमिळ वस्तीत ‘सैव कडै’ म्हणजे शाकाहारी खाणावळी असतात. हटन, जाफना, त्रिंकोमाली इथे त्या हमखास मिळतात आणि इडली, डोसा, सांबार, वरण-भात यांची चिंता मिटते. थेपले न्यायला हरकत नाही, पण आठ दिवसांचे नेऊ नयेत.

प्रश्न : माझे आजोबा सांगत की, पूर्वी मद्रासहून एकाच तिकिटावर कोलंबोला जाता येई. हे खरे होते का? आता तसे काही आहे का? (कळवा, ठाणे)

उत्तर : आजोबांचे म्हणणे खरे आहे. 1914 मध्ये पांबनचा पूल खुला झाल्यावर ‘बोट मेल’ मद्रासहून धनुष्कोडीपर्यंत जाई, तिथून प्रवासी आगबोटीने पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून तलैमन्नारला उतरत आणि समोर उभ्या असलेल्या कोलंबोच्या गाडीत बसत. डिसेंबर 1964 च्या चक्रीवादळाने धनुष्कोडी गावच नाहीसे केले, पांबनहून निघालेली एक प्रवासी गाडीही त्यात गेली, आणि धनुष्कोडीमार्गे ती जोडणी पुन्हा उभी राहिली नाही.

आज त्याच्या सर्वांत जवळ जाणारी सोय नागपट्टिनम ते कांकेसनतुरै ही प्रवासी नौका आहे. ती ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली, मध्ये बंद पडली आणि ऑगस्ट 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली. हवामान बिघडले की ती थांबते, त्यामुळे परतीचे विमान धरायचे असेल तेव्हा तिच्या भरवशावर राहू नये. कांकेसनतुरै हे उत्तरेच्या रेल्वेमार्गाचे शेवटचे स्थानक आहे. 1990 मध्ये यादवीमुळे या मार्गावरची ‘याल देवी’ ही गाडी जाफन्यापर्यंत जायची थांबली, रूळही उखडले गेले. भारताच्या कर्जसाहाय्याने, आपल्याच ‘इरकॉन’ कंपनीने तो मार्ग नव्याने बांधला आणि ऑक्टोबर 2014 मध्ये चोवीस वर्षांनी गाडी जाफन्यात शिरली. रुळांची रुंदीही आपल्या ब्रॉडगेजइतकीच आहे. आजोबांच्या आठवणीसाठी जात असाल तर तलैमन्नारचा मार्गही आता पुन्हा चालू झाला आहे. तिथल्या जुन्या धक्क्यावर आता कोणी उतरत नाही.

प्रश्न : मुलांना सुटी मे महिन्यातच असते. मेमध्ये जावे का? (खारघर, नवी मुंबई)

उत्तर : जावे, परंतु वर सांगितलेली दोन बोटे सोडून तिसरे धरावे. मे ते सप्टेंबर हा नैर्ऋत्य मोसमी पावसाचा काळ असल्यामुळे कोलंबो, गॉल आणि डोंगराचा पश्चिम उतार भिजलेला असतो; पूर्व किनारा त्याच वेळी कोरडा आणि समुद्र शांत असतो, कारण त्याचा पाऊस डिसेंबरच्या सुमारास ईशान्येकडून येतो. अनुराधपुर, मग रस्त्याने सिगिरिया, आणि शेवटी त्रिंकोमाली येथील कोणेश्वराचे देऊळ व उथळ किनारे असा बेत मुलांना मानवेल. ऊन मात्र विदर्भाची आठवण करून देणारे असते. एप्रिलमध्ये जाणार असाल तर 13 आणि 14 तारखेच्या आगेमागे गाडीत पाऊल ठेवू नये. तेव्हा सिंहली आणि तमिळ नववर्ष असते, सगळे कोलंबो गावी निघालेले असते आणि फोर्ट स्थानकावर संध्याकाळी सहाच्या ठाण्याच्या फलाटासारखी स्थिती असते. पौर्णिमेलाही, ज्याला तिथे ‘पोया’ म्हणतात, सार्वजनिक सुटी असते आणि गाड्या भरतात, तेव्हा तारखा ठरवताना पंचांग जवळ घेऊन बसावे.